बापूला लगेच रडवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) बसवताना बहुतेक तालीम नायिका सुमित्रावर, म्हणजे मित्रावर, खर्ची पडते आणि बापू म्हणजे श्रीकांत मराठे उपेक्षित राहतो. खरे तर मित्रावरचे एकतर्फी प्रेम गिळून मैत्री टिकवू पाहणारा हा मुलगा मराठीतल्या अवघड भूमिकांपैकी एक आहे.

बापू निवेदकही आहे. निवेदकाला शेवट ठाऊक आहे, प्रसंगातल्या बापूला नाही. निवेदनातले दुःख प्रसंगात झिरपले की तो पहिल्या अंकापासूनच पराभूत दिसतो, आणि मग मित्रा आपल्याला मुली आवडतात हे गुपित सांगते तेव्हा त्याच्याकडे गमावण्यासारखे काहीच उरलेले नसते. म्हणून निवेदने आणि प्रसंग यांच्या तालमी सुरुवातीला वेगवेगळ्या घ्याव्यात.

त्या कबुलीच्या प्रसंगात नेहमीची चूक ठरलेली: पहिल्याच वाक्याला मान खाली, आवंढा, मागे बासरी, वर अरुंद होत जाणारा स्पॉट. प्रेक्षक बापूकडे बघत बसतो आणि मित्राचे शब्द वाया जातात. बापूने तिच्यावरची नजर काढू नये. तिचे बोलणे संपल्यावर मनात तीन आकडे मोजावेत (दहा मोजले की प्रसंग मध्येच पडल्यासारखा वाटतो) आणि आधीच्याच पट्टीत उत्तर द्यावे.

पुढे मित्रा आणि तिचे जिच्यावर प्रेम आहे त्या नमाला भेटायला तो आपली खोली देतो. इथे हुतात्म्याचा चेहरा नको. खोली दिली की मित्रा आपल्याकडे येत राहील, हा लोभही त्यात आहे. तो दिसला तरच बापू माणूस वाटतो.

रशियन नाटककार चेखव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’चा (१९०४) शेवटचा अंक नटांनी यासाठी जरूर वाचावा. व्यापारी लोपाखिन वार्याला लग्नाचे विचारणार म्हणून दोघांना एकटे सोडले आहे. वार्या सामानात काहीतरी शोधते आहे, तो थंडीबद्दल बोलतो. शून्याखाली तीन अंश, तो म्हणतो. ती म्हणते, पाहिले नाही, आमचा थर्मामीटर फुटलाय. बाहेरून हाक येते आणि तो तत्काळ निघून जातो. प्रेमाचा एक शब्द नाही. सगळे त्या शोधणाऱ्या हातांत आहे. वार्या रडते, पण तो गेल्यावर, जमिनीवर बसून, कपड्यांच्या गाठोड्यावर डोके टेकून.

बापूच्या हातालाही असेच एखादे साधे काम द्यावे आणि मित्रा समोर आहे तोवर ते थांबू देऊ नये. पार्श्वसंगीत कबुलीच्या प्रसंगात नकोच.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक