सांधेदुखीवर कच्चा बिब्बा लावू नका

मा. संपादक,

सांधेदुखीवर बिब्बा गुणकारी असल्याचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. बिब्बा औषधी आहे, यात वादच नाही. पण ‘दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचे तेल लावावे’ एवढे सांगून लेख पुढे गेला, म्हणून हे पत्र. वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत मी आरोग्यसेविका होते. सुजलेल्या गुडघ्यावर बिब्ब्याचा चटका घेतलेली, मग तिथे फोड येऊन जखम चिघळलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यात मधुमेह असेल तर ती जखम भरता भरत नाही.

बिब्ब्याच्या टरफलातल्या काळ्या, चिकट रसात भिलावनॉल नावाची द्रव्ये असतात, त्यांनी कातडी भाजल्यासारखी होते. काहींना नुसता हात लागला तरी बिब्बा उततो, तोंड आणि डोळे सुजतात. या रसामुळे मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

आयुर्वेदाला हे पुरते ठाऊक होते. चरकसंहितेत भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, अग्नीसारखा तीक्ष्ण सांगितला आहे आणि विधीप्रमाणे वापरला तरच अमृतासमान. तो विधी तरी किती जपून! उन्हाळ्यात पक्व फळे गोळा करायची, जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायची, थंडीत औषध सुरू करायचे आणि काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचे. वैद्य आजही बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून, रस काढून टाकून शुद्ध करतात. औषधे नियम, 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील आयुर्वेदिक विषारी द्रव्यांच्या ‘ई-1’ या यादीतही भल्लातक आहे. पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते.

सूज उतरवण्याच्या गुणाला प्रयोगशाळेतला आधार आहे, तो लेखात यायला हवा होता. मद्रास विद्यापीठात संधिवात झालेल्या उंदरांना बिब्ब्याचे दूध-तुपात सिद्ध केलेले औषध दिले, तेव्हा त्यांची सूज कमी झाली. बियांतल्या एका द्रव्याने सूज वाढवणाऱ्या ‘कॉक्स’ विकराला (एन्झाइमला) अटकाव होतो, असेही आढळले आहे. मात्र हे निष्कर्ष सिद्ध केलेल्या औषधाचे किंवा वेगळ्या काढलेल्या द्रव्याचे आहेत, तेही प्रामुख्याने प्राण्यांवरचे. जंगलातून आणलेला बिब्बा दिव्यावर धरून टपटपणारे तेल गुडघ्यावर घेणे वेगळे. त्याने सूज उतरत नाही, वरून भाजते.

आणखी एक सांगायचे आहे. डिंकाच्या लाडवात आपण हौसेने गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, घालतो. ती काढायला आमच्याकडच्या बाया दिवसभर बसून बिब्बे फोडतात, हाताला तेल आणि राख चोळून. तरी बोटे काळी पडतात, सालपटे निघतात, चेहऱ्यावर डाग उठतात. त्यांच्या हातांची तपासणी कुठल्याच शिबिरात होताना मी पाहिली नाही. बिब्ब्याच्या गुणांवर अर्धे पान देणाऱ्या पुरवणीने या बायांवरही लिहावे.

तूर्त एवढे करा. पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा की कच्चा बिब्बा अंगाला लावू नये, पोटात घेऊ नये. रस लागलाच तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, खोबरेल लावावे आणि फोड किंवा सूज आली तर थेट दवाखाना गाठावा. लेख वाचून कुणाच्या घरी बिब्बा तापायला लागण्याआधी हे छापून आले पाहिजे.

एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. मालेगाव, जि. वाशीम