वर बघता बघता खड्ड्यात पडलेल्या बाईचं मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र मी उजवा पाय दोन उशांवर ठेवून लिहिते आहे. घोट्याचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. गेल्या रविवारी सकाळी पावणेआठला, ओव्हल मैदानाजवळच्या फूटपाथवर, राजाबाई टॉवरकडे बोट करून "वर बघा, वर!" असं बावीस माणसांना सांगत असताना मी स्वतः खाली गेले. चेंबरला झाकण नव्हतं. खुणेसाठी कुणा भल्या माणसाने त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती म्हणे. ती वाऱ्याने पडली की सौंदर्यीकरणवाल्यांनी उचलली, कोण जाणे. आपल्या शहरातली धोक्याची पाटी म्हणजे फांदी, हे मला माहीत होतं. ती नसेल तर काय करायचं, हे माहीत नव्हतं.

थोडी ओळख. मी मराठी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर नऊ वर्षं महिन्यातून दोन रविवार दक्षिण मुंबईत मराठीतून वारसा फेरी काढते. फी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने. माणसं डोंबिवलीहून, विरारहून, लालबागहून पहिल्या गाड्या पकडून येतात आणि परतताना मेगाब्लॉकमध्ये अडकतात. हौस म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं.

तीन वर्षांपूर्वी, मराठी भाषा गौरव दिनाला, शाल-श्रीफळ देऊन आमच्यासारख्या चार-पाच जणांचा सत्कार झाला. त्या व्यासपीठावरून सांगण्यात आलं की फेरीच्या वाटेवर मराठी फलक लागतील, फूटपाथ नीट होतील आणि बायकांसाठी सुरुवातीच्या ठिकाणी स्वच्छतागृह उघडं राहील. "पुढच्या गौरव दिनाच्या आत," असे शब्द होते. मी वहीत लिहून घेतले, शिक्षिकेची सवय. तेव्हा खुर्चीवर कोण होतं आणि आज कोण आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्द खुर्चीने दिला होता. नारळाची बर्फी केली, शाल आहे. बाकी काही हातात नाही.

फूटपाथ नीट झाले नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. तीन वर्षांत तीन वेळा नीट झाले. म्हणजे तीन वेळा उकरले, तीन वेळा पेव्हर ब्लॉक बसवले, आणि प्रत्येक वेळी महिन्याभरात केबलवाले येऊन पुन्हा खणून गेले. हुतात्मा चौकापासून मरीन ड्राइव्हपर्यंत हलणारे ब्लॉक मी मोजले आहेत. जाताना एकशे सतरा भरले, येताना एकशे बत्तीस. मधला कुठलाही आकडा आपल्या अभियंत्यांनी घ्यावा. पावसात त्यांतले निम्मे पिचकारी मारतात. माझ्या फेरीत पांढरी साडी नेसून एकदाच एक आजी आल्या होत्या. पुन्हा आल्या नाहीत.

साहेब, आपण ही फेरी कधी पायी केली आहे का? गाडीतून नव्हे. गाडीतून छप्परच दिसत नाही.

आम्ही हुतात्मा चौकातून निघतो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, मुळात भायखळ्याच्या बागेसाठी ठरलेलं आणि शेवटी इथे बसलेलं. त्याच्या शेजारी १९६० नंतर आपलं स्मारक उभं राहिलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळीबार झाला. ही मुंबई मराठी माणसाची राहावी म्हणून झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. तिथे दोन मिनिटं थांबतो, मग हायकोर्टाकडे वळतो. इमारत १८७८ ची, कर्नल फुलरने बांधलेली. दगडात कोरलेलं एक माकड आहे, एक डोळा बांधलेलं, हातात न्यायाचा तराजू. कंत्राटात हात पोळलेल्या माणसाने सूड म्हणून ते कोरून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, कंत्राट आणि सूड हे शब्द एकत्र आले की माझ्या फेरीतली माणसं लगेच मान डोलावतात. एकदा एक काका माकड बघून गप्पच झाले. याच भागातल्या एका कचेरीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं शिपाई म्हणून फायली वाहिल्या होत्या. म्हणाले, "बाई, रोज इथूनच जायचो. वर बघायला कुणी सांगितलंच नाही."

हे सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच माझं काम आहे. आणि वर बघताना पाय मोडू नये, हे तुमचं.

मग राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं, आराखडा लंडनमध्ये बसलेल्या गिल्बर्ट स्कॉटने केला. १८७८ ला काम पुरं झालं, उंची दोनशे ऐंशी फूट. आणि मग माझा सगळ्यात लाडका भाग. ओव्हलच्या मधल्या पायवाटेने मैदान ओलांडायचं. मागे टोकदार कमानी, मनोरे, दगडी नक्षी. समोर १९३० च्या दशकातल्या इमारती, गुळगुळीत, गोलसर कोपऱ्यांच्या, जहाजाच्या डेकसारखे कठडे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जिन्याच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण. पाच मिनिटांत साठ वर्षं. पोरं दोन्ही बाजूंना क्रिकेट खेळत असतात, एखादा चेंडू डोक्यावरून जातो. मध्यावर उभं राहून मी सगळ्यांना एकदा मागे आणि एकदा पुढे बघायला लावते. त्या क्षणी कुणी फोन बघत नाही, हे मी नऊ वर्षं पाहते आहे.

आणि तिथेच मी एक नाव सांगते, वास्तुरचनाकार गजानन बाबुराव म्हात्रे. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल, १९३७ चा, त्यांचा. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. हे नाव उच्चारलं की माणसांचे खांदे सरळ होतात. ही श्रीमंतांची, साहेबांची, पारशांची मुंबई असं ज्यांना आयुष्यभर वाटलं, त्यांना कळतं की या देखण्या भिंतींच्या रेषा आपल्यातल्याच एका म्हात्र्यांनी ओढल्या. हे कुठल्या फलकावर आहे का? मला तरी आजवर दिसलं नाही.

फलक अजिबातच लागले नाहीत असंही नाही. एक लागला. वर इंग्रजी, ठळक. खाली मराठी, मुंगीएवढ्या अक्षरात. मी चष्मा पुसून वहीत उतरवून घेतलं: "हे घडी टॉवर १८७८ वर्षी पूर्ण केले गेले होता." चौथीतल्या मुलाने असं लिहिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं, आणि मधल्या सुट्टीत जवळ बसवून शिकवलंही असतं. खाली एक चौकोनी कोड आहे, फोन धरला की "पान सापडले नाही". हे वाक्य मात्र शुद्ध मराठीत येतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, मीही वाटले. अभिजात भाषेत एक फलक बिनचूक लिहायला किती माणसं लागतात? मी फुकट तपासून देते असं चार वेळा लिहून दिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं की विषय आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्या कार्यालयाने तिसऱ्याकडे पाठवलं. तिसऱ्याने सांगितलं, अर्ज ऑनलाइन भरा. अर्ज उघडला तर तो इंग्रजीत.

स्वच्छतागृहाबद्दल काय लिहू? आहे. कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडे असते तो दहाला येतो, आमची फेरी सातला सुरू होते. माझ्या फेरीतल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. मे महिन्यात एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत बसवून मी ग्लुकोज पाजत होते आणि पलीकडे कुठल्यातरी समारंभासाठी खांबांना रंगीत दिवे बांधायचं काम चाललं होतं. दिवे तुमच्याकडे फार. ३० जून २०१८ ला या चौऱ्याण्णव इमारतींच्या समूहावर जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मोहोर उठली तेव्हाही दिवेच लागले होते. तो मान मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खपले ते इथले रहिवासी आणि वास्तुतज्ज्ञ. १९९० च्या दशकात ओव्हलचा उकिरडा झाला होता तेव्हा कोर्टात गेले तेही रहिवासीच. तुम्ही लोक फोटोला येता. तुम्ही म्हणजे तुम्ही एकटे नव्हे, सगळेच. माझ्या हयातीत किती पक्ष आले-गेले, फोटोत उभं राहण्याची जागा तीच.

नियम नाहीत असं थोडंच आहे! १९९५ पासून मुंबईला वारसा जतनाची नियमावली आहे, देशात सर्वांत आधी. श्रेणी एक, श्रेणी दोन, श्रेणी तीन. आणि तरी काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची ती लोखंडी सांगाड्याची इमारत बघा. ७ जुलै १८९६ ला या देशात पहिल्यांदा पडद्यावर चित्रं हलली ती तिथे. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला. नियमावली शाबूत आहे. कागद इथे कधीच कोसळत नाही. आणि काळ्या घोड्याचं तर विचारूच नका. १९६५ मध्ये इंग्रज राजाचा घोड्यावरचा पुतळा हलवला, नाव तेवढं राहिलं. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. घोडा दिमाखात उभा आणि वर कुणीच नाही, कारभाराचं इतकं प्रामाणिक शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही.

चिडले आहे, हे मान्य. घरात दुसरं माणूस नाही. शेजारीण डबा देते. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी पायाला बांधून स्टुलावर बसावं लागतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी हे करताना माणसाला जे वाटतं ते खुल्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. आजवर खर्च चौदा हजार सहाशे. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, तो म्हणतो एवढ्यात चेंबरची सहा-सात झाकणं येतात. दर त्याने कुठून काढला मला ठाऊक नाही, पण तुमच्या टेंडरमध्ये एक तरी येईल का, शंका आहे. भरपाई मागत नाही. आधी मागणार होते, मग त्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी बघितली. घटनास्थळाचा पंचनामा हवा म्हणे. मी पडले तेव्हा पंच बावीस होते, सगळे मला उचलण्यात गुंतले होते.

मागणं तेवढंच, वहीत लिहिलेलं. झाकण. कुलूप सकाळी सातला उघडणं. फलकावर शुद्ध मराठी आणि त्यात म्हात्र्यांचं नाव.

पुढची फेरी ठरल्या दिवशी निघेल. मी हुतात्मा चौकात खुर्ची टाकून बसेन आणि सुरुवातीचं बोलेन. पुढे चालत नेणारी मुलगी तीच आहे, मे महिन्यात चक्कर आलेली. तिला सगळं पाठ आहे, माकडाची गोष्ट तर ती माझ्यापेक्षा चांगली सांगते. आपणही या. चप्पल नको, बूट घाला. आणि ताफा लांब लावायला सांगा, मागच्या वेळी लाल दिव्याच्या जमान्यातली सवय म्हणून एक गाडी फूटपाथवरच चढवून ठेवली होती.

आपली,
नऊ वर्षं चालणारी, सध्या बसलेली एक शिक्षिका

ता. क. पत्र लिहून झालं आणि फेरीतल्या एकाने फोटो पाठवला. माझ्या खड्ड्यात कुणीतरी नवी फांदी लावली आहे. पिंपळाची.