पणसायमळच्या शिल्पांची दरवर्षी छायाचित्रे घ्या

संपादक महोदय,

व्हिडिओंच्या गर्दीत स्थिर छायाचित्राचे मोल आपण विसरत चाललो आहोत. डॉक्टर जुना एक्स-रे नव्याशेजारी धरून हाड सांधले का ते पाहतात. म्हादईच्या रानात वाघ ओळखायचा तर कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरूनच. गोव्याच्या सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावतीकाठी पणसायमळला जांभ्या दगडावर कोरलेले बैल, मोर आणि ते विलक्षण चक्रव्यूह मात्र दर पावसाळ्यात पाण्याचा मारा सोसतात. १९९३ मध्ये उजेडात आलेल्या या शिल्पांची दरवर्षी पावसाळा सरताच, तिरप्या उन्हात, त्याच जागेवरून, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली तर झीज नेमकी कुठे होते ते कळेल. सेल्फींतून हे साधत नाही. पुरातत्त्व खात्याने हे काम यंदाच हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, केपे