डोंगरात न्यायच्या कॅमेऱ्याविषयी मित्रास पत्र

पुणे,
दि. ६ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या सहकाऱ्यांबरोबर तू एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघणार, गाडीरस्ता संपला की पुढे पायी जाऊन आठवडाभर तंबूत राहणार, आणि धनुष्य त्यांच्या हाती व कॅमेरा तुझ्या हाती असणार, हे वाचून फार आनंद झाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे तिथल्या परवान्याच्या शिकारीचा अनुभव मला नाही. परंतु दिवसभर कॅमेरा अंगावर वागवत प्राण्यांच्या मागावर हिंडण्याचा आहे, आणि तिथे कोणता कॅमेरा न्यावा हा तुझा प्रश्न मुळात त्याविषयीच आहे.

माझे स्पष्ट मत असे की बॉडी, लेन्स आणि आतली बॅटरी मिळून वजन सव्वा किलोच्या पुढे जाता कामा नये. एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, आणि त्याचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. तेव्हा शिकार साधली तर परतीच्या खेपांमध्ये तुझ्याही पाठीवर ओझे येणारच. पण त्याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. जड कॅमेरा चढणीवर तासाभरात सॅकमध्ये जातो आणि सॅकमधल्या कॅमेऱ्याने फोटो निघत नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आपल्याला पाहतो तेव्हा मान वर करतो, पुढचा पाय जमिनीवर आपटतो, नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो आणि पळत सुटतो. एवढ्या वेळात सॅकची चेनसुद्धा पुरती उघडून होत नाही. कॅमेरा हाताशी राहील इतका हलका असणे ही पहिली अट, बाकी सर्व गुण त्यानंतरचे.

दुकानदार तुला मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे सांगतील. तू मात्र एक साधा हिशेब कर. लेन्सची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये घे आणि तिला एफ-आकड्याने, म्हणजे एफ/८ असे लिहिले असेल तर ८ ने, भाग. जे उत्तर येईल तो त्या लेन्सच्या प्रकाशद्वाराचा व्यास. तुझ्या सहकाऱ्यांच्या दुर्बिणींवर १० बाय ४२ असे लिहिलेले असेल, त्यातला ४२ हा अशाच व्यासाचा आकडा आहे. प्राणी तेवढ्याच अंतरावर असेल आणि शटरचा वेग तोच असेल, तर त्याच्या अंगावरून येणारा किती प्रकाश तुझ्या पदरात पडेल हे या व्यासावरून ठरते. एल्क उघड्यावर दिसतो तो मुख्यतः झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ, नर शिट्टीसारखी लांब साद घालत हिंडतात, पण तेही बहुधा याच अंधूक वेळी. म्हणून तुझ्यासाठी हा हिशेब सर्वांत मोलाचा आहे.

आता हलक्या जोड्यांना तो लावून पाहू. ओएम-५ ही बॉडी बॅटरीसह ४१४ ग्रॅम आणि तिच्यावर चढणारी ७५-३०० मिमी लेन्स ४२३ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ८४० ग्रॅमसुद्धा नाही. पल्ला फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या, ६०० मिमीइतका, पण ३०० ला ६.७ ने भागले की व्यास ४५ मिमीच्या जवळपास येतो. कॅननची आर-७ ही ६१२ ग्रॅमची बॉडी आणि १००-४०० मिमी, एफ/८ पर्यंत जाणारी ६३५ ग्रॅमची लेन्स घेतली तर पल्ला ६४० मिमीइतका आणि व्यास ५० मिमी. सोनीची ए-६७०० ही ४९३ ग्रॅमची आणि ७०-३५० मिमीची लेन्स ६२५ ग्रॅमची. पल्ला थोडा कमी, ५२५ मिमीइतका, पण ३५० भागिले ६.३ म्हणजे व्यास ५५ मिमीच्या पुढे. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तिसरी जोडी पहिलीच्या दीडपट प्रकाश गोळा करते, आणि वजन तरीही १,१२० ग्रॅमच्या आत राहते. शिवाय तिथे बॉडी आणि लेन्स दोन्हींना धूळ व पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे. ओएम-५ ची बॉडी पाण्याला उत्तम तोंड देते, पण ती ७५-३०० लेन्स तशी बांधलेली नाही; कॅननच्या त्या लेन्सचेही तेच.

मी तुला सोनीची जोडी घे असे सांगेन. पल्ल्यातली उणीव फार बोचणार नाही, कारण धनुष्याच्या शिकारीत माणूस प्राण्याच्या तीस-चाळीस पावलांवर जाण्याची धडपड करतो आणि तू त्याच्या मागेच असशील. फार दूरच्या एल्कसाठी ३००० मिमी पल्ल्याचा निकॉन पी-१००० सुचवणारेही भेटतील. तो १,४१५ ग्रॅमचा आहे, आणि ऊन चढल्यावर मधल्या हवेची थरथर त्या पल्ल्याला कामाचे चित्र देत नाही. दूरची नोंद हवी असेल तर सोबत्यांच्या स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीला, मोबाइल फोन लावून ती मिळते. लेन्स बदलण्याची दगदग अजिबात नको असेल, तर २०१७ चा सोनी आरएक्स-१० मार्क ४ हा अखंड कॅमेरा पाहा: १,०९५ ग्रॅम, पल्ला फुल फ्रेमच्या २४ ते ६०० मिमीइतका, आणि खऱ्या फोकल लांबीवरून काढलेला व्यास तोच ५५. मात्र त्याची बॅटरी लहान आहे, आणि प्राण्याचा डोळा ओळखून धरून ठेवण्यात ए-६७०० पुष्कळच पुढे आहे. गवतात अर्धवट दडलेल्या प्राण्यावर फोकस टिकवताना हा फरक कळतो; सासवडच्या माळावर लांडग्याच्या पुढ्यात वाळलेल्या काड्या हलत असतात तेव्हा मला तो फार जाणवतो.

भिगवणला होडीत बसून रोहित टिपायचे असतील तेव्हा मी स्वतः सोनीची २००-६०० मिमी लेन्स घेऊन जातो. तिचा व्यास ९५ मिमी, म्हणजे तुझ्या ७०-३५० च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश. पण ती एकटीच २,११५ ग्रॅमची आहे. होडी वजन वाहते, म्हणून तिथे ती शोभते. दहा हजार फुटांवर ते वजन तुला वाहायचे आहे.

कॅमेरा हाती आला की निघण्याआधी शटर इलेक्ट्रॉनिक कर, सगळे आवाज बंद कर, आणि अंधारात फोकससाठी पेटणारा लहानसा दिवा मेनूत शोधून तोही बंद कर. तीस पावलांवर शटरचा खट्ट आवाज झाला आणि नर बुजला, तर तुझ्या सोबत्याची वर्षभराची तयारी वाया जाईल. त्याचा बाण सुटेपर्यंत तू बोटसुद्धा हलवू नयेस असे मला वाटते. उडत्या पक्ष्याला मात्र यांत्रिक शटरच वापर, कारण ए-६७०० च्या इलेक्ट्रॉनिक शटरने वेगात हलणारे पंख वाकडे येतात.

छातीवर दुर्बीण असणार, तेव्हा कॅमेरा सॅकच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर धातूच्या क्लिपने अडकव. गळ्यातला पट्टा ओणवे होऊन सरपटताना झोके खातो. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेव, कारण थंडीत ती लवकर उतरते. आणि गार कॅमेरा तंबूच्या उबेत नेण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद कर, म्हणजे दव पिशवीवर धरेल, भिंगावर नाही. इथे पावसाळ्यात मी लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतो, नाहीतर आतल्या भिंगावर बुरशी धरते. तुमच्या कोरड्या हवेत तुला ती चिंता नाही.

दुकानात जाशील तेव्हा थंडीचे हातमोजे घेऊन जा आणि ते घालून बटणे दाबून पाहा. मग ऑगस्टमध्ये घराजवळ, सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधी, दिसेल त्या हरणावर वा सशावर हात बसव, आणि त्या फायली न निवडता, न सुधारता मला पाठव. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, किती वर जातो आणि शटर किती खाली आणता येते हे आपण त्यांवरून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध