पंखावरची पांढरी रेघ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारामती, गोंदिया येथे विमान शिकणाऱ्या मुलांना आपल्या आकाशात पंखावर बर्फ सहसा दिसत नाही, कारण महाराष्ट्रात गोठणबिंदू गाठायलाच साधारण १५,००० फुटांच्या वर जावे लागते. मीही इथेच शिकलो आणि आता शिकागोजवळ हौसेने चार आसनी विमान उडवतो. तिकडच्या पहिल्याच नोव्हेंबरमध्ये ४,००० फुटांवर एका पातळ ढगात शिरलो, तेव्हा पंखाच्या दांडीच्या पुढच्या कडेवर पांढरी रेघ उमटली. दहा मिनिटांत ती बोटभर जाड झाली आणि इंजिनाचा जोर तोच असूनही वेग ११० नॉट्सवरून ९० वर घसरला. मी मागे वळून खाली उतरलो. उबदार हवेत सुटलेले तुकडे शेपटावर आदळल्याचा आवाज अजून कानात आहे.

पुष्कळांना वाटते की धोका बर्फाच्या वजनाचा आहे. खरा घात होतो तो पंखाचा आकार बिघडल्याने. शून्याखालीही द्रवच राहिलेले अतिशीत थेंब पंखाला लागताच गोठतात आणि खरखरीत पॉलिश पेपराइतक्या थरानेही पंखाचा उचलणारा जोर ३० टक्क्यांनी घटू शकतो, तर हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. अशा वेळी विमान नेहमीपेक्षा जास्त वेगालाच स्टॉल होते, म्हणजे पंखाचा उचलणारा जोर एकाएकी तुटतो, आणि स्वच्छ पंखासाठी बसवलेला इशाऱ्याचा भोंगा त्याआधी वाजेलच असे नाही. ऑटोपायलट चालू असेल तर तो विमान मुकाट्याने सावरत राहतो आणि वैमानिकाच्या हाताला काहीच जाणवत नाही.

हिमरोधक यंत्रणा आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूकच. २० डिसेंबर २०११ रोजी न्यू जर्सीत मॉरिसटाउनजवळ एक इंजिनाचे खासगी टीबीएम ७०० विमान कोसळून आतील पाचही जण गेले, त्या विमानात अशी यंत्रणा होती. हवामानाच्या अंदाजात नसलेले तीव्र हिमावरण (विमानावर बर्फ साचणे) आणि त्यातून तातडीने बाहेर पडण्यासाठी वैमानिकाने विमानाचा प्रमुख म्हणून असलेला स्वतःचा अधिकार न वापरणे, अशी कारणे तपास मंडळाने नोंदवली.

आपल्याकडील प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की हा विषय परीक्षेच्या दोन प्रश्नांपुरता ठेवू नये. पहिली पांढरी रेघ दिसताच जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीची वाट पाहत न बसता आणीबाणी जाहीर करून "मी खाली उतरतो आहे" असे ठामपणे सांगण्याचा सराव वर्गातच करून घ्यावा.

आपला,
एक हौशी वैमानिक, शिकागो