दोनशे माणसं रानात अन् नकाशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर

प्रति,
मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कन्नड तालुक्यातला, गौताळ्याच्या डोंगररानाच्या पायथ्याशी राहणारा शाळामास्तर. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जवळच्या तांड्यावरचे सत्तरीतले एक आजोबा चुकार गाय हुडकायला दुपारी रानात गेले. दिवेलागण झाली तरी आले नाहीत. आठला गलका झाला आणि दहा वाजेपर्यंत दोनशे माणसं रानात शिरली होती. बॅटऱ्या, काठ्या, मोटारसायकली, एक ट्रॅक्टरसुद्धा. हाकेला माणसं कमी पडतात असं आमच्या मराठवाड्याबद्दल कुणी म्हणू नये.

पण एकच नाला पाच टोळक्यांनी पाच वेळा पाहिला, कारण तिथवर पायवाट चांगली. पलीकडच्या डोंगरसोंडेवर कुणी गेलंच नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "तिकडं पोरं पाहून आलेत की." कोणती पोरं, कुठपर्यंत गेली, किती पाहिलं, कुणाला पत्ता नाही. ओल्या मातीत आजोबांच्या वहाणांचे ठसे होते म्हणे. आम्ही पोहोचलो तोवर त्यावरून निम्मं गाव चालून गेलेलं. मी ट्रॅक्टरच्या बोनेटवर एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे नकाशा काढायला घेतला, तो रात्री एकपर्यंत दवानं भिजून गेला. पहाटे तर नवीनच भानगड झाली, शोधणाऱ्यांतलेच दोघं सापडेनात. अर्धी माणसं त्यांच्या मागं. ते दोघं धारा काढायला घरी गेले होते.

आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले, तेही शेळ्या राखणाऱ्या एका पोराला. पाय मुरगळून त्याच पलीकडच्या सोंडेखाली बसलेले होते. मला म्हणाले, "मास्तर, रातभर तुमच्या हाका यायच्या. मीबी वरडत होतो." आम्ही इतके ओरडत होतो की ऐकायला कुणी थांबलंच नाही.

साहेब, रानातला शोध पायांइतकाच कागदावर चालतो. साधा हिशोब बघा. म्हातारा माणूस तासाला दोन किलोमीटर चालला तर पहिल्या तासानंतर तो साधारण साडेबारा चौरस किलोमीटरमध्ये कुठंही असू शकतो. तीन तासांनी तेच क्षेत्र 113 चौरस किलोमीटर होतं. अख्खं गौताळा औट्रमघाट अभयारण्य 260 च्या आसपास आहे. म्हणून आधी माणूस शेवटचा दिसला ती जागा राखायची, ठसे तुडवू द्यायचे नाहीत. बाहेर पडायच्या वाटांवर माणसं बसवायची. मग नकाशाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा एका तुकडीला द्यायचा, आणि ती परतली की विचारायचं: काय पाहिलं, काय राहिलं? अंधारात पाहिलेला नाला उजेडात पुन्हा पाहायचा असतो. घरच्यांपाशी एकानं निवांत बसायचं. आजोबांना ऐकू कमी येतं का, गाय नेहमी कुठं जाते, चिडून तर गेले नाहीत ना? आमच्यात हे कुणी विचारलंच नाही. गाय पाण्यासाठी त्याच सोंडेकडे जायची, हे सुनेनं नंतर चहा देताना सांगितलं.

हे शास्त्र काही मी काढलेलं नाही. 1970 च्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियात लक्षात आलं की माणसं आणि बंब असूनही कोण कुणाचं ऐकणार हेच ठरलेलं नसतं. त्यातून जी पद्धत तयार झाली, तिच्या धर्तीवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2010 मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तालुक्यापर्यंत पथकं धरली आहेत. कागद आहे, साहेब. त्या रात्री तो ट्रॅक्टरपाशी नव्हता, एवढंच.

सह्याद्रीकडची स्थिती आपल्याला माहीत आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स हे स्वयंसेवकच. 2018 ला आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरण्यात ट्रेकर्सची पोरं पुढं होती. ती पोरं वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, दोर कुणी धरायचा आणि वॉकीटॉकीवर कुणी बोलायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. आमच्याकडे आपत्ती म्हटलं की दुष्काळ, नाहीतर किल्लारीचा भूकंप. 2025 च्या सप्टेंबरात परंड्याकडच्या लोकांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं तेव्हा पूरही यादीत आला. रान मात्र अजून नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यांना, अंतूर किल्ल्याला, सहस्रकुंडच्या धबधब्याला पावसाळ्यात गर्दी होते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. नांदेडकडच्या किनवटच्या जंगलात कुणी हरवलं तर त्या येईपर्यंत वरचा हिशोब कुठं जातो ते आपणच मांडा.

आपदा मित्र या सरकारी योजनेत स्वयंसेवकांना 12 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. ते चांगलंच आहे, पण त्यातून तयार होतात ते हात. मी मागतोय ते हात हलवणारी माणसं. प्रत्येक जिल्ह्यात पंधरा-वीस स्वयंसेवक, ज्यांना फक्त शोधमोहीम चालवण्याचं शिक्षण द्या: नकाशा, नोंदवही, वायरलेस, पाळ्या. त्यांना विमा द्या, आणि नोकरदारांना त्या दिवसाची रजा. मुख्य म्हणजे एक आदेश काढा, की रानातून माणूस परतला नाही अशी खबर येताच ठाण्यानं या पथकाला त्याच तासात कळवावं आणि हरवलेल्याच्या मोबाइलचं ठिकाण तातडीनं मागवावं. आजोबांच्या खिशात फोन होता. त्याचं ठिकाण आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, तोवर बॅटरी उतरलेली.

पथकाचा प्रमुख वनरक्षक असो, तलाठी असो की निवृत्त फौजी, मला फरक पडत नाही. एकच असावा, आणि सरपंचानंही त्याचं ऐकावं. (हे शेवटचं आपल्या आदेशाशिवाय व्हायचं नाही.)

आम्ही चौघांनी एक जाड नोंदवही आणून ठेवली आहे. रकाने पाडलेत: नाव, गेल्याची वेळ, कुठला तुकडा, आल्याची वेळ. ती मला शाळेच्या कपाटात ठेवावी लागते, कारण सरकारदरबारी तिला जागा नाही. पुढचा पावसाळा लागायच्या आत ती तहसील कचेरीत जमा करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
कन्नड तालुक्यातला एक शिक्षक