तुझं फ्लेअरिंग टूल

पुणे,
२४ जून

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यातच आलं. तेव्हापासून ते माझ्या गाडीच्या डिकीत, व्हॅक्यूम पंपाच्या खोक्यात पडून होतं. त्यावर पंपाच्या तेलाचा डागही पडलाय. रागावू नकोस. मे महिन्यात एसीवाल्याला स्वतःच्या लग्नालाही सुट्टी नसते, हे तुला काय सांगायचं! आता पाऊस लागला आणि फोन एकदम गप्प झाले. माउलींची पालखी दिवेघाट चढून गेली. ती तुमच्या फलटणला पोचायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलं तर पोस्टाची कृपा म्हणायची.

पोरगं आयटीआय करून बाहेर पडलंय, तुझ्या हाताखाली पाठवतो, त्याला हत्यारं कोणती घेऊन देऊ, असं तू विचारलंस. चार ओळींत कळवता आलं असतं. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. सांगायला लाज वाटते, म्हणून फोन न करता लिहितोय.

तुझं फ्लेअरिंग टूल मी कामातून काढलं.

हो, तेच. तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून फ्लेअर काढायचं, जुन्या बाजारातलं. आपण औंधला आयटीआयला असताना एका रविवारी गेलो होतो, आठवतंय? तो माणूस साडेतीनशे म्हणत होता. तू उकिडवा बसून त्याला अडीचशेवर आणलंस आणि वर एक मोडका पाइप कटर फुकटात काढलास. पुढे तू धंदा सोडून गावाकडे निघालास, तेव्हा 'आता उसाला फ्लेअर मारायचा नाही मला' असं म्हणून ते माझ्या पिशवीत टाकून गेलास. वीसेक वर्षं वापरलं मी ते. त्याच्या दांड्यावर तू कानशीने कोरलेला 'दि' अजून आहे, अर्धा झिजलाय.

आता झालं काय ते ऐक. कोथरूडला माझे एक आजोबा आहेत, म्हणजे गिऱ्हाईक. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मीच बसवला, आर-३२ या नव्या गॅसचा. पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार आली की खोली थंड होत नाही. गेलो, गेज लावला, गॅस कमी. जोडावर साबणाचा फेस लावला, बुडबुडा दिसला नाही. नट जरा आणखी आवळले, गॅस भरला, पैसे घेतले, निघालो. या मार्चमध्ये पुन्हा तीच तक्रार. मी सिलिंडर घेऊन वर गेलो, तर आजोबांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"एक शंका आहे," म्हणाले. "ही नळी दोन्हीकडून बंद आहे ना?"

"हो."

"गॅस आतल्या आतच फिरतो?"

"हो."

"जळत नाही?"

"नाही."

"मग संपला कसा? आमच्याकडे दूध रोज घ्यावं लागतं, कारण ते आम्ही पितो. हा गॅस कोण पितंय?"

मागच्या वर्षीची तारीख आणि मी घेतलेली रक्कम त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. तो कागद जपून ठेवलेला. पुणेरी माणूस, दुसरं काय!

दिल्या, मी काय बोलणार? 'गॅस संपला' हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात खपणारं खोटं आहे. गिऱ्हाइकाला ते पटतं, कारण स्वयंपाकघरातलं सिलिंडर महिन्या-दीड महिन्याने खरंच संपतं. पण तुझ्या घरच्या फ्रिजमध्ये तू कधी दरसाल गॅस भरलास का? तोही तसाच बंद नळीत फिरतो आणि पंधरा-पंधरा वर्षं टिकतो, कारण त्याचे सांधे कारखान्यात ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून, बंद केलेले असतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र आपण गिऱ्हाइकाच्या घरी, एका पायावर, गॅलरीच्या कठड्याला रेलून करतो. गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गेला. आणि बहुतेक वेळा आपल्याच सांध्यातून गेला.

मग बसलो. उरलासुरला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये घेतला आणि आतल्या युनिटचा चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, नट उघडला. फ्लेअर वरवर बघता झकास. तेवढा तुकडा कापून काढला, तर आजोबांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, कंपासपेटीतून डिव्हायडर काढला आणि कडेची रुंदी चारी बाजूंनी मोजली. मला परत देत म्हणाले, "हे वर्तुळ नाही." एका बाजूला ओठ रुंद, समोरच्या बाजूला अरुंद, पातळ. मी पाइपवर नवा फ्लेअर मारला. तोही तसाच, एकीकडे कललेला. तेव्हा कुठे मी टूलकडे बघितलं. मधल्या स्क्रूचे आटे झिजलेत, शंकू मध्यावर बसतच नाही, दाब आला की एका अंगाला सरकतो. कधीपासून, देव जाणे.

आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात हे चालून गेलं असणार. तीस अंशांना बंद यंत्रात आर-२२ चा दाब १६० पीएसआयच्या आसपास असतो. आर-३२ चा त्याच तापमानाला २६० च्या वर जातो, आणि भर उन्हात मशीन चालू असताना कंडेन्सरकडचा दाब चारशेला टेकतो. जुना गॅस आपल्या चुका पोटात घालायचा. हा घालत नाही.

तर नवीन टूल घेतलं, एक्सेंट्रिक शंकूचं. त्यात शंकू नळीचा ओठ गोल फिरत लाटत जातो आणि पुरेसा दाब आला की क्लच सुटतो, हाताला अंदाज करावा लागत नाही. नळी साच्याच्या वर अर्धा मिलिमीटरच ठेवायची. तुझ्या टूलवर आपण दीड-दोन मिलिमीटर ठेवायचो, ती सवय मोडायला मला महिना लागला. दोन्ही बाजूंचे फ्लेअर नव्याने केले आणि गळती बघायला साडेतीनशे पीएसआय नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा तीनशे चाळीसवर. आजोबा लगेच, "दहा गेले." मी म्हटलं, "आजोबा, संध्याकाळी तीस अंश होते, आत्ता वीस आहेत. वायू आकसतो." त्यांनी कागदावर गणित मांडलं, मान हलवली आणि मला चहा मिळाला. मागच्या वर्षीचे गॅसचे पैसे मी परत दिले. त्यांनी नको म्हटलं नाही. मोजून घेतले.

आता पोराच्या हत्यारांकडे येतो.

बोहरी आळीत प्लॅस्टिकच्या पेटीतले चाळीस नगांचे संच टांगलेले दिसतील, ते घेऊ नकोस. त्यातली तीस हत्यारं कधी लागत नाहीत आणि उरलेली दहा नेमकी कामाच्या वेळी वाकतात. पाने, पक्कड, पेचकस, ॲलन की चांगल्या घे, एवढंच, त्यात फार डोकं लावू नकोस. वीस वर्षांत माझे इतके पेचकस गिऱ्हाइकांच्या छज्ज्यांवर राहिलेत की पुण्यात कुठल्याही गच्चीवर गेलो तरी एखादा सापडावा.

पैसे घालायचेत ते पाइप कटर आणि रीमरमध्ये. कटरचं चाक बोथट झालं की तो नळी कापत नाही, चेपतो, आणि कडा आत वळते. कटर एकेका फेऱ्याला थोडाच आवळायचा. मग रीमरने आतली बर, म्हणजे कापताना उठलेली धार, काढायची, आणि काढताना नळीचं तोंड खाली. हे आपल्याला सरांनी किती वेळा सांगितलं होतं, आणि आपण किती वेळा तोंड वर धरून फुंकर मारली! तांब्याचा तो कीस थेट आत जातो आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकतो. फ्लेअरच्या पाठीवर तेलाचा एक थेंब लावायचा. आणि नट आधी नळीत घालायचा. हसू नकोस. गेल्याच महिन्यात बाणेरला मी सुंदर फ्लेअर मारला, माझा मलाच अभिमान वाटला, आणि नट खिडकीत तसाच.

दुसरी वस्तू टॉर्क रेंच, ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना. तू म्हणशील, हे काय नवीन खूळ? दोन सुती नटाला साधारण १६ न्यूटन-मीटर लागतात, चार सुतीला ५५. म्हणजे एकाला मनगट पुरतं आणि दुसऱ्याला खांदा लागतो. आपण दोन्हीला खांदा लावायचो. तांबं मऊ असतं, जास्त आवळलं की ओठ पातळ होतो, नट तडकतो. जिथे जिथे मी 'गॅस राहत नाही' म्हणून आणखी अर्धा फेरा दिला, तिथे तिथे रोग वाढवलाच असणार.

गॅस सोडण्याआधी पंपाने नळीतली हवा आणि ओल खेचून काढतो, त्या व्हॅक्यूमचा एक किस्सा सांगतो. माझा हेल्पर पोरगा परवा घाबरून आला, पंप खराब झाला म्हणून. काटा २८ इंचांवर थांबतो, पुस्तकात ३० च्या जवळ लिहिलंय. अर्धा दिवस पंप खोलून बसला होता बिचारा. अरे, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवाच तेवढ्या वजनाची नाही. मुंबईत तोच पंप ३० च्या जवळ दाखवेल. म्हणून काट्यावर जाऊ नको, आत उरलेला बारीकसा दाब मोजणारा मायक्रॉन गेज लाव, पाचशेच्या खाली उतरलं आणि पंप बंद करूनही तिथेच टिकलं की समज आत ओल नाही. पावसाळ्यात तर हे चुकवायचंच नाही. या नव्या गॅसबरोबरचं तेल हवेतली ओल ओढून घेतं, नळीचं तोंड उघडं टाकून जेवायला गेलं की संपलं.

क्लॅम्प मीटर तपकीर गल्लीतून मी घेईन त्याच्यासोबत जाऊन. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर मोजता येईल असा हवा. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वर ३६ मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर २५ दाखवतोय, तर कॉम्प्रेसर नुसता कण्हतो आणि ट्रिप होतो. लोक मात्र कॉम्प्रेसर गेला म्हणून रडत बसतात. उरलेल्या तक्रारी पाल, मुंग्या आणि कबुतरं यांच्यात वाटून घे. हडपसरला एका बाहेरच्या युनिटमागे कबुतराची दोन पिल्लं निघाली. बाईंनी आम्हाला तीन आठवडे हात लावू दिला नाही, पंख्याखाली घामाघूम बसल्या.

वहिनींना एक सांग, काळजी करू नका म्हणावं. तू कशामुळे परत गेलास ते मी विसरलेलो नाही. तो ब्रॅकेट, तो छज्जा, सगळं डोळ्यांपुढे आहे. पोरगा माझ्याकडे असेपर्यंत सेफ्टी बेल्टशिवाय कठड्याबाहेर पाऊल टाकणार नाही. बेल्ट मी घेतलाय, नवा. इन्व्हर्टरचं बोर्डही प्लग काढल्या काढल्या उघडू देणार नाही. तीनशेच्या वर डीसी व्होल्ट त्यात काही मिनिटं तसेच बसून असतात. आणि आर-३२ पेट घेतो. गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय ब्रेझिंगची बत्ती पेटवायची नाही. त्याला आयटीआयत शिकवलं असेल, पण मी पुन्हा शिकवीन.

आता खरी गोष्ट. कोथरूडहून आलो त्या रात्री जुन्या डायऱ्या काढल्या. तुझ्या टूलने आर-३२ आणि आर-४१० ची किती मशीनं बसवली ते मोजलं. एकतीस. सीझनमध्ये वेळ नव्हता, आता एकेकाकडे जातोय. नऊ झाली. दोन ठिकाणी फ्लेअर पाझरत होता, त्यातल्या एका ठिकाणी कोणी दुसराच येऊन दोनदा गॅस भरून गेला होता. सांधे नव्याने करून देतो, पैसे घेत नाही. बायको म्हणते, लोकांनी तक्रार केली नाही तर तुम्ही कशाला दार वाजवता? तिला मी त्या कॅलेंडरच्या कागदाबद्दल सांगितलं, तर म्हणाली, मग जा.

बावीस बाकी आहेत. म्हणजे तुझ्या पोराचा पहिला महिना बिनकमाईचा जाणार, हे त्याला आधीच सांगून ठेव. जेवण आणि राहणं माझ्याकडे. फ्लेअर मात्र त्याचा हात धरून शंभर मारून घेईन, तुकडे नळीचे आहेत माझ्याकडे पोतंभर.

आषाढी झाली की पाठव त्याला. स्वारगेटला उतरू दे, मी घ्यायला येतो. हत्यारं काही देऊ नकोस बरोबर, पैसे दे, इथेच घेऊ. तुझं टूल त्याच्याच हाती परत पाठवतो. तुझा 'दि' आहे त्यावर. फक्त ड्रिपच्या नळीवर वगैरे चालवून बघू नकोस, एका अंगाला सरकतं ते.

तुझा,
बंडू